बर्फाच्या पेटीतली बाटली

मुलाखतीत ‘फार्मसीच का?’ असं विचारतात, हे मला मेडिकलवाल्या काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. वर म्हणाले, “या प्रश्नाला तुझ्याकडे जे उत्तर आहे ना, ते अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडे नसेल.” माझं उत्तर म्हणजे माझे बाबा. त्यांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

काका माझे नात्याने कुणी नव्हते. बोईसरला त्यांचं औषधांचं दुकान होतं आणि मी तिथे सकाळी दहा ते संध्याकाळी सात कामाला होते. खोकी फोडायची, माल लावायचा, बिलं करायची. त्याआधी त्यांनी तारापूरच्या एमआयडीसीत गोळ्यांच्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं काढलेली, त्यामुळे ‘फार्मसी’ म्हटलं की त्यांना घरचं कार्य निघाल्यासारखं व्हायचं. माझी ॲडमिशन त्यांनी तशीच अंगावर घेतली.

बारावीला मला मार्क बरे होते. पण त्यानंतरचं दीड वर्ष बाबांच्या खाटेपाशी गेलं आणि या वर्षी सरकारी फेऱ्यांत माझा नंबर लागला नाही. पालघरजवळच्या एका कॉलेजात डी.फार्मच्या दोन जागा उरल्या होत्या. त्या कॉलेज स्वतः भरणार होतं, मार्क आणि मुलाखत बघून. ही संधी गेली तर पुढे काय, ते आईने स्पष्ट सांगून ठेवलं होतं. एक तर कारखान्यात पॅकिंगला लागायचं, नाही तर मामाने आणलेलं स्थळ. दोन्हींतलं जे आधी दारात येईल ते. आई चेष्टा करत नव्हती. आमच्याकडे अशी चेष्टा कोणी करत नाही.

गिऱ्हाईक नसलं की काका मोबाईलवर घड्याळ लावायचे आणि म्हणायचे, “हं, सुरू.” मी सुरू व्हायचे. “माझे वडील मच्छीमार होते. त्यांना मधुमेह होता.” काका मध्येच थांबवायचे. “पाय सडला म्हणू नकोस. गँगरीन म्हण. फार्मसीला चाललीस ना?” मी गँगरीन म्हणायचे. “होडी विकली ते वाक्य ठेव, चांगलं आहे. दवाखान्याच्या फेऱ्यांचं काढून टाक, लांबतंय. दीड मिनिट झालं, एका मिनिटात बसव.” मग बाबांचा पाय कापला त्या वाक्याशी ते हात वर करायचे. “इथे जरा थांब. इथे घसा दाटला पाहिजे.”

“दाटत नाही काका.”

“मग नुसती थांब. थांबलं की दाटल्यासारखं वाटतं.”

मी थांबायचे. मनात एक, दोन, तीन म्हणायचे आणि पुढचं वाक्य घ्यायचे. कुणाला हे वाचून काकांचा राग येईल, पण मला आला नव्हता. उलट बरं वाटायचं. बाबा गेले त्या दिवशीही मी रडले नव्हते. आळीतल्या बाया एकमेकींना सांगत होत्या, पोरगी दगड हाय. मला ऐकू येत होतं आणि त्यांचं चुकत होतं असंही वाटत नव्हतं. मी तेव्हा चहाचे कप मोजत होते. आत काही हालतच नव्हतं, त्याला मी काय करू? काकांच्या घड्याळापुढे निदान हालायची गरज नव्हती. एका मिनिटात बसलं की झालं.

पण खरी हकीकत एका मिनिटात बसत नाही. ती अशी होती.

बाबा चिंचणीहून छोटी होडी काढायचे. एकदा तळपायात माशाचा काटा घुसला आणि जखम काही भरेना. तपासलं तर साखर भरमसाट. आधी गोळ्या झाल्या, मग इन्सुलिनवर आले. दवाखान्यातल्या सिस्टरने हातात छोटी बाटली दिली आणि सांगितलं, “फ्रीजमध्ये ठेवा. थंड राहिली पाहिजे.” तिने अगदी बरोबर सांगितलं होतं.

फ्रीज आमच्याकडे होता. खाऱ्या हवेने त्याची पाठ केव्हाच गंजून गेली होती आणि आई त्यात तांदूळ ठेवायची, उंदीर जात नाहीत म्हणून. दुरुस्त करायचं कुणाच्या मनात आलं नाही. ज्याच्या दारात रोज बर्फाची गाडी थांबते त्याला फ्रीज कशाला? पडवीत आमची मोठी पेटी होती, फोडलेल्या बर्फाने भरलेली. त्यात मावरं. मावरं म्हणजे मासे, आमच्याकडे असंच म्हणतात. त्यावर जाडं मीठ टाकायचं, परत बर्फ, परत मीठ.

मी तेव्हा बारावी सायन्सला होते. घरातली एकुलती एक शिकलेली. दवाखान्यातून आल्यावर बाबा बाटली हातात धरून उभे होते, ही आता कुठे ठेवावी म्हणून. मी म्हटलं, “त्यात काय, बर्फाच्या पेटीत ठेवू. फ्रीजपेक्षा थंड.” बाबा आईकडे वळून म्हणाले, “बग, पोर शिकली का अशी डोकी चालतात.” आईने ते महिनाभर आळीत ज्याला त्याला सांगितलं. माज्या बायनं कसं काढलं बग.

तेव्हापासून आई रोज ती बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पेटीच्या तळाशी दाबायची, मिठाच्या बर्फात. सुई मी द्यायचे. द्यायच्या आधी आई बाटली दोन्ही तळव्यांत धरून ऊब द्यायची, कारण कधी कधी आतलं औषध घट्ट झालेलं असायचं. ते पातळ झालं की मी बाटली उजेडात धरायचे. आतून काचेला पांढरे कण चिकटलेले दिसायचे. मला वाटायचं पेटीतलं मीठ असेल. बंद बाटलीत मीठ जाईल कसं, एवढाही प्रश्न मला पडला नाही, आणि म्हणे सायन्स.

बाबांची साखर उतरेना. डॉक्टरांनी डोस वाढवला, तरी उतरेना. ते म्हणाले, “हे पथ्य पाळत नाहीत. घरी लक्ष ठेवा.” आम्ही लक्ष ठेवायला लागलो. बाबांना गुळाचा काळा चहा फार आवडायचा, होडीवरून आले की पेलाभर लागायचा. संशय गुळावर गेला. आईने गुळाच्या डब्याला कडी बसवून घेतली, छोटं कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. साखर तरीही उतरली नाही. मग आई कुलूप हलवून बघायची, कडी वाकवून बघायची. बाबा म्हणायचे, “मी नाय खाल्ला गो. तुजी शपत, नाय खाल्ला.”

एकदा मीच त्यांच्यावर खेकसले. “बाबा, खोटं नको बोलू. साखर काय हवेतून येते?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले. त्यानंतर त्यांनी कधी शपथ घेतली नाही. चहाच सोडला, गुळाचा नाही आणि बिनगुळाचाही नाही. तरी साखर उतरली नाही, तेव्हा आम्ही म्हटलं, म्हणजे हा बाहेर खातोय. आळीत सगळ्यांना सांगून ठेवलं, याला काही गोड देऊ नका. एकदा शेजारच्या बारशाला पंगतीत त्यांच्या पानात जिलेबी वाढली नाही. ते वरणभात खाऊन उठले.

पुढचं मग सगळं उतारावरून गेल्यासारखं झालं. आधी बोटं गेली, मग गुडघ्याखालचा पाय, मग होडी विकली, मग मूत्रपिंडं बिघडली, मग एका दुपारी बाबा गेले. घरी आणून ठेवल्यावर आई त्यांच्या उशाशी बसून म्हणत होती, किती सांगितलं, ऐकलं नाय. मलाही तसंच वाटत होतं. माझ्या न रडण्यात थोडा रागही होता, तो मी आता कबूल करते. मला वाटायचं, या माणसाने जिभेपायी आमचं वाटोळं केलं.

मुलाखतीला चार दिवस होते. दुपारची वेळ. कारखान्यातला एक माणूस बायकोसाठी इन्सुलिन न्यायला आला. एरवी इन्सुलिनचं गिऱ्हाईक काका स्वतः बघायचे आणि मी मागे खोक्यांत असायचे. त्या दिवशी मी बिलाला शेजारीच उभी होते. काकांनी बाटली हातात दिली आणि रोजचं पाठ असल्यासारखं म्हणाले, “फ्रिज के दरवाज़े में रखना। बर्फ के पास नहीं। एक बार जम गया तो फेंक देना, वो पानी हो गया समझो।”

माणूस गेला. काका मला म्हणाले, “हे लिहून घे, विचारतील. दोन ते आठ डिग्री. गोठलं की संपलं. बाटलीत गोळे किंवा कण दिसले तर वापरायचं नाही.”

मी वहीत लिहिलं. दोन ते आठ. गोठलं की संपलं. कण दिसले तर वापरायचं नाही. अक्षर चांगलं आलं होतं, नंतर बघितलं. मग मी विचारलं, “काका, मीठ घातलेल्या बर्फात ठेवलं तर?”

“मीठ घातलं की बर्फ शून्याच्याही खाली जातो. आठवीला नव्हतं?”

“होतं.”

“मग? आणि असं कोण ठेवेल गं? ती काय कुल्फी आहे?” काका हसले. मीही हसले. मग मी ओआरएस पावडरीचं खोकं फोडलं आणि पाकिटं लावायला घेतली, लवकर संपायची तारीख पुढे, उशिराची मागे. एकही पाकीट चुकलं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहायला हवं. पण मला झोप लागली. सकाळी उठून चहा केला तेव्हा गुळाचा डबा समोर दिसला. कुलूप तसंच होतं. बाबा जाऊन आठ महिने झाले तरी आई सवयीने लावत होती, सवयीने किल्ली कमरेला खोचत होती. वाळत घातलेले बोंबील उलटायला ती अंगणात गेली आणि मी चहा प्यायले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती आणि मला पूर्ण मार्क मिळाले होते.

आईला सांगावं असं वाटलं नाही. सांगून तिला काय द्यायचं होतं? दीड वर्ष रोज पहाटे पेटी भरणारी ती, तळव्यांत बाटली धरून ऊब देणारी ती. नुसत्या त्या बाटलीने बाबा गेले असं मी आजही म्हणणार नाही, जखम आधीची होती, साखर आधीची होती. पण गूळ त्यांनी खाल्ला नव्हता, हे आता मला माहीत होतं. माहीत असूनही काही वाटत नव्हतं, म्हणून मी स्वतःलाच घाबरले होते.

काकांना मी म्हटलं, “उत्तर बदलू या. बाबांचं नको.”

“डोकं ठिकाणावर आहे का? एका मिनिटात चोख बसलंय. जागा दोन आहेत आणि मुलं किती येतील सांगता येत नाही. तुझे मार्क बरे आहेत, फार नाहीत. तुला जागा हवी आहे ना?”

जागा मला हवी होती. त्या दिवसांत एवढी एकच गोष्ट हवीशी वाटत होती, ती सोडायची माझी हिंमत झाली नाही. उत्तर तेच राहिलं.

पालकांना घेऊन या असं कॉलेजने कळवलं होतं. आईने त्या दिवशी मासे विकायला टोपली काढली नाही. ठेवणीतली साडी नेसली, केसांत अबोली माळली आणि कागदांची पिशवी पोटाशी धरून एसटीत बसली. पालघर येईपर्यंत ती मनातल्या मनात काहीतरी म्हणत होती. मला वाटलं देवाचं म्हणतेय. नंतर कळलं, माझं उत्तरच म्हणत होती. घरात रोज ऐकून तिलाही पाठ झालं होतं.

आत एक सर होते आणि एक मॅडम. त्यांनी ‘फार्मसीच का?’ विचारलं आणि मी माझं मिनिट सांगितलं. गँगरीनशी गँगरीन म्हटलं, पायाशी थांबले, एक, दोन, तीन. मॅडमनी चष्मा काढून ठेवला. सरांनी दोन वर्षांच्या गॅपबद्दल विचारायचं ठरवलं असावं, पण त्यांनी तो कागद बाजूला सारला. सगळं काकांनी सांगितल्याप्रमाणे झालं.

मग मॅडम म्हणाल्या, “आई आल्यात ना? बोलाव त्यांना.”

आई खुर्चीच्या टोकावर बसली. मॅडमनी तिला विचारलं, “दोन वर्षं रोज पाठवाल ना? मध्येच लग्न नाही ना काढणार?” आई म्हणाली, “नाय काढत.” मामाने आणलेलं स्थळ तिथल्या तिथे गेलं.

“आता असं समज,” मॅडम मला म्हणाल्या, “या तुझ्या पेशंट आहेत. यांना पहिल्यांदाच इन्सुलिन दिलंय. घरी कसं ठेवायचं ते यांना कळेल असं सांग. तुमच्या घरी तर सगळं झालेलंच आहे. आणि माझ्याकडे बघू नकोस, पेशंटकडे बघून सांग.”

मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघून थोडी हसली, म्हणजे सांग, घाबरू नको.

मी म्हटलं, “फ्रीजच्या दारात ठेवायचं.”

“आणि फ्रीज नसला तर?” सरांनी विचारलं.

“मातीचं मडकं घ्यायचं. ओल्या वाळूत सावलीला ठेवायचं, आणि त्यात बाटली ठेवायची.”

सर मान हलवत होते. एवढ्यावर सुटले असते. पण आईला वाटलं असावं की मी मुख्य गोष्ट विसरले. माझ्या हुशारीची जी गोष्ट तिने आळीत महिनाभर सांगितली होती, तीच मी सांगत नव्हते. मला आठवण करून द्यावी म्हणून, मदत म्हणून, ती पेशंट होऊन पुढे वाकली आणि म्हणाली, “आन् बाय, घरात बर्फाची पेटी असली तं?”

मॅडम कौतुकाने म्हणाल्या, “वा, हा चांगला प्रश्न आहे.”

मला गप्प बसता आलं असतं. चुकीचं सांगता आलं असतं, ‘चालेल’ असं. मग जागा गेली असती आणि आईला काही कळलं नसतं. मी तेवढा विचार केला, तीन मोजायला लागतात तेवढा वेळ. तेव्हा पहिल्यांदा माझा घसा खरोखर दाटला. मग मी म्हटलं, “बर्फात नाय ठेवायचं.” शिकवलेली भाषा गेली आणि घरची आली.

“का?” मॅडमनी विचारलं.

“गोटतं. मिठाच्या बर्फात तं लगेच गोटतं. परत पातळ केलं तरी ताकद गेलेली असते. आत पांढरे कण दिसतात. मग कितीबी सुया दिल्या तरी साखर उतरत नाय.”

“आणि लोक म्हणतात पेशंट पथ्य पाळत नाही,” मॅडम सरांना म्हणाल्या. सर म्हणाले, “व्हेरी गुड.”

आईने पेशंटसारखी मान हलवली. तिचा हात कमरेशी गेला, किल्ली असते तिथे, आणि तिथेच राहिला.

अर्ध्या तासाने बाहेर येऊन एकांनी माझं नाव घेतलं आणि मूळ दाखले जमा करायला सांगितलं. जागा मिळाली. काकांना फोन केला तर म्हणाले, “सांगितलं होतं ना मी.” मी हो म्हटलं.

एसटीत आई खिडकीशी बसली. बोईसर जवळ आलं तेव्हा म्हणाली, “म्हंजे तो गूळ खात नव्हता.”

“नाही,” मी म्हटलं.

“शपत घेत व्हता.”

“हो.”

बोईसरला उतरून चिंचणीची रिक्षा धरली. मागे तिसरी बाई बसली होती, म्हणून आई माझ्या कानाशी बोलली, माझ्याकडे न बघता. “बर्फात ठेवायचं मीच काढलं व्हतं. तू तवा लहान व्हतीस.”

मी सतरा वर्षांची होते. त्या दिवशी मी काय म्हटलं आणि बाबा काय म्हणाले, हे मला शब्दन् शब्द आठवतं, आणि आईला माझ्याहून जास्त आठवतं. तिने पुन्हा विचारलं, “मीच काढलं व्हतं ना?”

मी “हो” म्हटलं.

घरी आल्यावर तिने डब्याचं कुलूप काढलं आणि किल्लीसकट चुलीमागे टाकलं. चहा केला नाही. अंगणात जाऊन बोंबील उतरवायला लागली आणि मी तिच्या शेजारी उभी राहून उतरवले.

आता मी शिकून दुकानात काउंटरला उभी असते. आळीतल्या कुणाला इन्सुलिन लागलं की आई स्वतः त्या बाईला घेऊन माझ्याकडे येते आणि मी तोंड उघडायच्या आधी तिला सांगते, “माज्यासारखं करू नको गो. मी अडाणी, मी बर्फात ठेवलं.” बाई हळहळते, आईच्या पाठीवर हात ठेवते. मी खाली मान घालून बिल करत असते.